बँडमध्ये दुसऱ्याच्या जागी उभं राहताना

सहा वर्षांपूर्वी एका बँडचा गिटारवाला बंगळुरूला निघून गेला आणि त्याच्या जागी मला बोलावणं आलं. कर्वेनगरला एका बंगल्याच्या पार्किंगमध्ये दर रविवारी सराव, आणि तीन आठवड्यांनी कार्यक्रम. मी स्टाफ नर्स आहे. रात्रपाळी उरकायची, दुपारपर्यंत झोपायचं आणि उठून गिटार मांडीवर घ्यायची, असे ते दिवस. पहिल्या रविवारी मी जुन्या वादकाचं सगळं घोटून गेले आणि रिकामी दिसेल ती जागा भरत सुटले. ड्रमवाल्याने काठ्या खाली ठेवल्या. म्हणाला, "ताई, गाण्याला जरा श्वास घेऊ दे की."

त्या आठवड्यात मी जॉन मॅकगीऑककडे वळले. स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकचा हा गिटारवादक, जन्म १९५५. मँचेस्टरला चित्रकला शिकायला गेला आणि १९७७ मध्ये मॅगझीन या बँडमध्ये शिरला. पुढे सूझी अँड द बॅन्शीज, व्हिसाज, द आर्मरी शो, पब्लिक इमेज लिमिटेड. अर्ध्या वाटेत कुणाची तरी जागा घेणं त्याच्या वाट्याला पुन्हा पुन्हा आलं, आणि ते कसं करायचं हे त्याच्याइतकं स्वच्छ मला कुणीच दाखवलेलं नाही.

सुरुवात गिटारला हात न लावता करा. आम्ही ड्युटीवर आलो की आधी ओव्हर घेतो: कुठल्या बेडला काय चालू आहे, कुणाची सलाईन कधी संपणार. तशीच बँडची ओव्हर घ्या. जुनी रेकॉर्डिंग लावा आणि वहीत प्रत्येक गाण्यासमोर लिहा, गिटार कुठे गप्प आहे, गाणं कुणाच्या खांद्यावर आहे, गाणाऱ्याचा आवाज कुठल्या पट्टीत फिरतो. मॅगझीनचा पहिला अल्बम याच कानांनी ऐका. बॅरी अ‍ॅडमसनचा बास पुढे चालतो, डेव्ह फॉर्म्युलाचे कीबोर्ड मोठी जागा घेतात, आणि मॅकगीऑक उरलेल्या फटीतून धारदार वाजवतो. 'शॉट बाय बोथ साइड्स' या १९७८ च्या गाण्याची चढत जाणारी ओळ मुळात बझकॉक्स या बँडच्या पीट शेलीची होती. ती आपलीच असल्यासारखी तो वाजवतो. दुसऱ्याची ओळ वाजवण्यात कमीपणा मानू नका.

आता हाताचं काम. इथे वेळ द्या, कारण सगळं इथेच घडतं.

१९७९ मध्ये बॅन्शीजचा गिटारवादक आणि ड्रमर दौरा सुरू असतानाच सोडून गेले. पुढच्या वर्षी मॅकगीऑक तिथे आला, आणि १९८१ चं 'स्पेलबाउंड' ऐकलंत तर कळेल की त्याने तिथे पॉवर कॉर्डची, म्हणजे दोन-तीन सुरांच्या जाड ठोकळ्यांची, भिंत उभी केली नाही. तो एकेक तार वेगळी छेडतो, अकूस्टिक आणि इलेक्ट्रिक एकमेकांत विणतो. हे हातात यायला मी जो सराव केला तो सांगते. ही त्याची ओळ नव्हे, त्या जातीचा सराव आहे. ई मेजरची मूठ धरा: पाचव्या तारेवर दुसरा पडदा, चौथ्यावर दुसरा, तिसऱ्यावर पहिला. सहावी, दुसरी आणि पहिली तार मोकळी. आता तीच मूठ न बदलता वर सरकवा, ७-७-६ वर, मग ९-९-८ वर. मोकळ्या तारा तशाच वाजत राहतात आणि आतले सूर हलतात. तानपुरा ऐकत वाढलेल्या कानाला हे लगेच ओळखीचं वाटतं. माझ्या आजीने स्वयंपाकघरातून विचारलं होतं, "काय गं, जवारी काढतेस काय?" मूठ फिरवताना बोटं तारेवरून पूर्ण उचलू नका, घसटत न्या. मेट्रोनोम ६० वर ठेवा आणि एका ठोक्याला दोन सूर. ते गुळगुळीत झाल्याशिवाय वेग वाढवायचा नाही. मला नऊ दिवस लागले.

मग फ्लँजर. त्याची गिटार यामाहा एसजी-१०००, आणि एमएक्सआरचं फ्लँजर तो माइकच्या स्टँडवर बसवायचा, म्हणजे वाजवता वाजवता बटणं हाताने फिरवता येतात. फ्लँजर काय करतं, तर तुमच्या आवाजाची एक प्रत काही मिलिसेकंद उशिरा मूळ आवाजात मिसळतं आणि तो उशीर सतत कमी-जास्त करतं. त्यामुळे काही सूर उठतात, काही बुडतात, आणि ती भोवऱ्यासारखी गरगर ऐकू येते. वेगाचं बटण अगदी कमी ठेवा, रीजनरेशन, म्हणजे फिरलेला आवाज पुन्हा आत सोडणारं बटण, निम्म्याच्या खाली. फिरणं जाणवलं पाहिजे, पण सूर ओळखू आला पाहिजे. मी सुताराकडून तळहाताएवढा प्लायचा तुकडा आणला, जुन्या माइक स्टँडला क्लॅम्पने आवळला आणि त्यावर वेल्क्रोने पेडल चिकटवलं. अ‍ॅडॅप्टर तापकीर गल्लीत मिळतो, पण पेडलच्या पाठीवरचं लेबल वाचून मगच घ्या. बहुतेकांना ९ व्होल्ट लागतात, काहींना १८. मी घाईत १८ चा लावला आणि एक चांगलं पेडल माझ्या हातून गेलं.

व्हिसाज आणि आर्मरी शो सवडीने ऐका. व्हिसाजमध्ये सिंथेसायझरच्या गर्दीत गिटार किती थोडी लागते, एवढं कळलं की पुरे.

पब्लिक इमेज लिमिटेडपाशी मात्र थांबा, कारण तुमची खरी अडचण तिथे सुटते. १९८६ च्या त्यांच्या रेकॉर्डवर गिटार स्टीव्ह वायने वाजवली होती आणि त्यानंतर स्टेजवर ती गाणी मॅकगीऑकच्या वाट्याला आली. बोटांच्या करामतीत वायच्या मागे धावण्यात अर्थ नव्हता. माझा नियम असा: लोक जी ओळ गुणगुणत घरी जातात ती जशीच्या तशी ठेवा. बाकी सगळं तुमच्या बोटांना जमेल तसं नव्याने बांधा. कुठली ओळ लोकांची आणि कुठली फक्त जुन्या वादकाची, हे बँडला विचारा. आमच्याकडे अकरा गाण्यांत अशा फक्त चार ओळी निघाल्या. १९९२ मध्ये पब्लिक इमेज लिमिटेड थांबेपर्यंत मॅकगीऑक तिथेच होता.

एक गोष्ट नर्स म्हणून सांगते. १९८२ मध्ये माद्रिदच्या कार्यक्रमात दारू आणि थकव्यापुढे तो कोसळला आणि बॅन्शीजमधली जागा गेली. तिथे रॉबर्ट स्मिथ आला. इतका तयार हात, आणि असं व्हावं, याचं मला आजही वाईट वाटतं. नव्या बँडमध्ये शिरताना आपण जास्तीच्या तालमी ओढवून घेतो, नाही म्हणत नाही. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री सात तास झोपा. सुट्टी मिळत नसेल तर पाळी बदलून घ्या. नव्वदच्या दशकात तो स्वतः नर्सिंगकडे वळला आणि २००४ मध्ये, ४८ व्या वर्षी, गेला. वॉर्डात तो ओव्हर कशी घेत असेल, हा विचार रात्रपाळीत कितीदा तरी मनात येतो.

माझी पाळी आता कायमची बदलली आहे, रविवार मिळत नाही. गेल्या महिन्यात माझ्या जागी आलेल्या मुलीला मी ती वही दिली. पहिल्याच पानावर लाल पेनने लिहिलंय: दुसऱ्या कडव्यात गिटार नाही.