कुत्र्याला मापात खायला कसं घालावं

रविवारी मटण शिजलं की आमच्या गल्लीत कुणीतरी म्हणतंच, "खाऊ दे की ओ, मुकं जनावर हाय." या मायेपायीच आमचा लॅब्रॅडॉर चौथ्या वर्षी 31 किलोंवर गेला आणि जिना चढताना मधेच बसायला लागला. आता तो 26 किलो आहे. सहा महिने लागले.

सुरुवात हातानं करा. दोन्ही तळवे त्याच्या बरगड्यांवर हलके ठेवा, दाबू नका. मग स्वतःचा पंजा पालथा धरून त्यावरून बोट फिरवा. तिथली हाडं जशी लागतात तशा बरगड्या लागल्या तर वजन ठीक. चाचपडून शोधाव्या लागल्या तर चरबी वाढली आहे. वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे, बाजूनं पाहिल्यावर पोट मागे वर चढलेलं दिसलं पाहिजे. केसाळ कुत्र्याच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबू नका. उलट आपल्याकडच्या कारवानी कुत्र्याची अंगकाठीच शिडशिडीत, बरगड्या दिसतात म्हणून त्याला उपाशी समजून चारू नका.

मग डॉक्टरांकडच्या काट्यावर वजन करा आणि किती असायला हवं ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. कमी खाऊनही वजन वाढत असेल तर थायरॉइडची तपासणी करायला सांगा.

आता हिशेब. वजन उतरवायचं असेल तर जे वजन हवं त्याला 30 नं गुणा आणि त्यात 70 मिळवा. 26 किलोंसाठी 850 किलोकॅलरी येतात. यातला दहावा भाग, म्हणजे 85, वरच्या खाऊला. उरलेल्या 765 चं रोजचं खाणं. पाकिटावर 100 ग्रॅमला 350 लिहिलं असेल तर दिवसाला साधारण 220 ग्रॅम, दोन वेळांत विभागून. वाटीनं मोजू नका, स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा; वाटी रोज थोडी थोडी जास्त भरत जाते. हा आकडा सुरुवातीचा आहे, पुढे काट्याकडे बघून डॉक्टर तो कमी-जास्त करतील. नसबंदी झालेल्या कुत्र्याला तसंही कमीच लागतं.

खरी अडचण त्या 85 मध्ये आहे. एका मध्यम चपातीत जवळपास 100 असतात, एका छोट्या ग्लुकोज बिस्किटात साधारण 25. आमचे आबा सकाळी चहाबरोबर दोन बिस्किटं द्यायचे, आई दुपारी चपाती, पोरं संध्याकाळी आणखी काहीतरी. कुणालाच आपण जास्त देतोय असं वाटत नव्हतं. मी एक स्टीलचा डबा ठेवला. दिवसाचा सगळा खाऊ सकाळीच त्यात: एका बिस्किटाचे चार तुकडे, उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे, गाजर, काकडी. द्यायचं ते त्यातूनच, डबा रिकामा झाला की दिवस संपला. आबांचा हात थांबवावा लागला नाही, तुकडा तेवढा लहान झाला. कुत्र्याला किती मोठा तुकडा मिळाला यापेक्षा किती वेळा मिळाला याचं अप्रूप.

तांबडा-पांढरा रस्सा मात्र अजिबात नाही. कांदा-लसूण कच्चा असो की शिजलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात. शिजलेल्या हाडाची कुसळं आतड्यात रुततात. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडावर जातात. चॉकलेटही विषच. दूध बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, जुलाब होतात.

आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के उतरणं पुरेसं. 30 किलोंच्या कुत्र्यात 300 ते 600 ग्रॅम. घाईनं उपाशी ठेवू नका. फिरवायला रंकाळ्यावर उजाडतानाच न्या, जाड कुत्र्याला ऊन लवकर बाधतं. एप्रिल-मे मध्ये पालथा हात डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून बघा, चटका बसला तर परत फिरा.

"उपाशी मारताय का त्याला?" असं घरात कुणी म्हणालं तर 2002 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगा. 48 लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला आयुष्यभर पाव हिस्सा कमी खायला दिलं. कमी खाणारी सुमारे दोन वर्षं जास्त जगली, आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले. आमच्या आईनं हे ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी चपातीचा तुकडा आपणहून त्या डब्यात मोजून टाकला.