लिपिंग-पट्टीच्या कामासाठी छोटा एअर कॉम्प्रेसर कसा निवडावा

घराच्या अंतर्गत सजावटीत हवेच्या दाबाने बारीक खिळे, म्हणजे पिना मारणारी पिन गन आता सर्रास वापरली जाते. प्लायच्या कडेला सागवानी लिपिंग (कड झाकणारी लाकडी पट्टी) लावणे, काचेभोवती बीडिंग बसवणे, स्कर्टिंग, दाराच्या चौकटीभोवतीची पट्टी, भिंतीवरचे एमडीएफचे मोल्डिंग ही कामे हातोडीपेक्षा गनने नेटकी होतात, कारण एका हाताने पट्टी जागेवर दाबून धरून दुसऱ्या हाताने पिन मारता येते आणि घाव निसटून सनमायक्याला खोक पडण्याची भीती राहत नाही. गन निवडणे फारसे अवघड नाही. तिला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर घेताना मात्र बरेच जण खोक्यावरचा हॉर्सपॉवरचा आकडा पाहून निर्णय घेतात, आणि मग जिना चढवताना दमछाक करणारे, शेजाऱ्यांना नकोसे झालेले आणि साध्या सॉकेटवर सुरूच न होणारे यंत्र गळ्यात पडते. पट्टीकामाला हवा थोडी लागते आणि तीही थांबून थांबून लागते. म्हणून या कामासाठी वजन, आवाज आणि मोटर सुरू होताना खेचला जाणारा विजेचा प्रवाह या तीन गोष्टींना ताकदीपेक्षा जास्त महत्त्व द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात हत्यारांपासून करावी. आपल्याकडे सर्वत्र दिसणारी एफ-३० गन १८ गेजच्या (गेज म्हणजे जाडीचे माप, आकडा मोठा तितकी पिन बारीक), १० ते ३० मिलिमीटर लांबीच्या पिना मारते, आणि एफ-५० गनमध्ये तीच पिन ५० मिलिमीटरपर्यंत लांब घेता येते. अगदी बारीक बीडिंगसाठी किंवा विनियर लावलेल्या पट्टीसाठी २३ गेजची, डोके नसलेली पिन वापरतात, कारण तिचे भोक जवळजवळ दिसत नाही. या गन साधारण ४ ते ७ बार, म्हणजे ६० ते १०० पीएसआय इतक्या दाबावर चालतात, आणि एका पिनेला ढोबळमानाने एक लिटर मोकळी, म्हणजे न दाबलेली बाहेरची हवा लागते. छोट्या गनला त्याहूनही कमी. काँक्रीटमध्ये खिळा मारणारी एसटी-६४ गन मात्र वेगळ्या जातीची आहे. तिला प्रत्येक खिळ्यामागे बरीच जास्त हवा आणि वरच्या टोकाचा दाब लागतो, त्यामुळे भिंतीवर बॅटन (आधाराच्या लाकडी पट्ट्या) मारण्याचे काम नेहमी करायचे असेल तर ते आधीच लक्षात घ्यावे.

आता टाकीचा हिशोब पाहू, कारण सगळा निर्णय त्यावरच उभा आहे. समजा, टाकी २५ लिटरची आहे, मोटर ८ बारला बंद होते आणि दाब ६ बारपर्यंत उतरल्यावर पुन्हा सुरू होते. दाब दोन बारने उतरेपर्यंत या टाकीतून २५ गुणिले २, म्हणजे ५० लिटर मोकळी हवा मिळते आणि तेवढ्यात पन्नासएक पिना मारून होतात. लिपिंगचा जोड खरा धरतो तो फेव्हिकॉलने, आणि पिनेचे काम फेव्हिकॉल सुकेपर्यंत पट्टी जागेवर ठेवण्याचे असते, त्यामुळे दर १५० मिलिमीटरला एक पिन पुरेशी होते. या हिशोबाने प्लायच्या आठ फुटी कडेला सतरा पिना लागतात, म्हणजे तीन लांब कडा पूर्ण होईपर्यंत मोटर सुरूही होत नाही. टाकी ५० लिटरची घेतली तर मोटर सुरू होण्यातले अंतर वाढते, पण टाकी भरण्याचा वेळही तितकाच वाढतो आणि वजन चढते. उलट ८-१० लिटरची टाकी दर सतरा-अठरा पिनांनंतर मोटर सुरू करायला लावते. दुरुस्तीच्या किंवा काम संपताना उरलेल्या किरकोळ पट्ट्यांच्या कामाला ती चालते. दिवसभर लिपिंग करायचे असेल तर २४-२५ लिटरची टाकी हीच योग्य निवड आहे.

यानंतर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, ‘याच कॉम्प्रेसरवर पॉलिशही मारता येईल का?’ पीयू किंवा मेलामाइन ही पॉलिशे मारणाऱ्या नेहमीच्या स्प्रे गनला हवा अखंड लागते, आणि लहान गन धरली तरी मिनिटाला शंभर-दीडशे लिटरपासून पुढे लागते. छोटा कॉम्प्रेसर तेवढी हवा सतत देऊ शकत नाही. मोटर न थांबता चालत राहते, दाब उतरतो, फवाऱ्याचा पंख्यासारखा पसारा अरुंद होतो आणि दाराच्या मोठ्या पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा येतो. बारीक नोझलच्या गनने एखादी पट्टी रंगवणे जमते, पण पूर्ण वॉर्डरोबची शटरे नव्हेत. हवेवर चालणाऱ्या सँडरचेही तसेच आहे. दोन्ही कामे एकाच यंत्राकडून करून घेण्याच्या आग्रहापायी पट्टीकामाला जड आणि पॉलिशला अपुरे असे मधलेच यंत्र घेतले जाते. त्यापेक्षा पॉलिशसाठी मोठा बेल्टचा कॉम्प्रेसर वर्कशॉपमध्ये ठेवावा किंवा ते काम पॉलिशवाल्यावर सोपवावे. गाडीच्या टायरमध्ये हवा भरण्याचे १२ व्होल्टचे पंप तर या कामाला मुळीच चालत नाहीत, कारण त्यांना टाकी नसते आणि हवेचा पुरवठा अगदी तुटपुंजा असतो.

खोक्यावरच्या आकड्यांकडे सावधपणे पाहावे. हवेचे माप सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट असे देतात आणि एक सीएफएम म्हणजे मिनिटाला २८.३ लिटर. पण हा आकडा दोन प्रकारे सांगितला जातो: पिस्टन आत किती हवा ओढतो यावरून काढलेला, आणि प्रत्यक्षात टाकीपर्यंत किती हवा पोहोचते तो. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच कमी असतो आणि आपल्या उपयोगाचा तोच आहे. त्यालाच फ्री एअर डिलिव्हरी म्हणतात, म्हणून विकत घेताना ‘फ्री एअर डिलिव्हरी किती आणि कोणत्या दाबाला?’ असे स्पष्ट विचारावे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे इथली हवा मुळातच पाच-सहा टक्के विरळ आहे. हा फरक लहान असला तरी अगदी काठावरचे आकडे धरून यंत्र घेऊ नये, याचे ते एक कारण आहे. हॉर्सपॉवरची खात्री मोटरच्या पाटीवरून होते. खऱ्या दोन हॉर्सपॉवरची मोटर जवळजवळ १५०० वॅट काम देते आणि त्यासाठी २३० व्होल्टवर तिला नऊ-दहा अँपिअर घ्यावेच लागतात. खोक्यावर दोन एचपी आणि पाटीवर चार अँपिअर लिहिलेले असेल, तर पाटीवर विश्वास ठेवावा.

याहूनही भरवशाची गोष्ट म्हणजे दुकानातच करता येणारी चाचणी. रविवार पेठेत किंवा भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या परिसरात हत्यारे घ्यायला जाणार असाल, तर गर्दी नसताना सकाळी जावे आणि दुकानदाराला यंत्र लावून दाखवायला सांगावे. टाकी पूर्ण रिकामी करून खालचा ड्रेन कॉक (टाकीतली हवा-पाणी सोडण्याची तोटी) बंद करावा, मोबाइलवर वेळ लावावी आणि मोटर सुरू करावी. २५ लिटरची टाकी ८ बारपर्यंत भरायला २०० लिटर हवा लागते, त्यामुळे तिला दोन मिनिटे लागली तर सरासरी पुरवठा मिनिटाला १०० लिटर, म्हणजे साडेतीन सीएफएम झाला. मग कॉक किंचित उघडून दाब ६ बारपर्यंत उतरवावा, मोटर सुरू होताच कॉक बंद करावा आणि काटा पुन्हा ८ वर जायला किती सेकंद लागतात ते मोजावे. इथे ५० लिटर भरायचे असतात. चाळीस सेकंद लागले तर यंत्र कामाच्या दाबाला मिनिटाला ७५ लिटर देते, आणि मिनिटाला तेवढ्या पिना हाताने सलग मारल्याच जात नाहीत. ही चाचणी चालू असताना कान उघडे ठेवावेत. मोटर बंद होताच प्रेशर स्विचपाशी (दाब पाहून मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचपाशी) क्षणभर ‘फुस्स’ असा आवाज यायला हवा, कारण पिस्टनच्या डोक्यावर अडकलेली हवा तेव्हा सुटते आणि पुढच्या वेळी मोटर ओझ्याविना फिरू लागते. तो आवाज आला नाही किंवा टाकीत ६ बार असताना मोटर कण्हत सुरू झाली, तर ते यंत्र घेऊ नये. शेवटी टाकी भरून स्विच बंद करावा आणि दहा मिनिटांनी काटा पाहावा. तो ठळकपणे खाली आला असेल तर कुठेतरी गळती आहे. जोडांवर साबणाचे पाणी लावले की ती जागा सापडते.

पिस्टनला वंगण म्हणून तेल लागणारा कॉम्प्रेसर घ्यावा की बिनतेलाचा, या प्रश्नावर पट्टीकामापुरते माझे मत बिनतेलाच्या बाजूने आहे. तेलाचा कॉम्प्रेसर स्वस्त पडतो आणि नीट निगा राखली तर अधिक टिकतो, हे खरे आहे. पण त्याच्या हवेबरोबर तेलाचा सूक्ष्म अंश येतो आणि विनियरवर तो बसला तर पॉलिश तिथे फाटते. शिवाय तो नेहमी उभाच न्यावा लागतो. कामे बदलताना टेम्पोत किंवा रिक्षात आडवा पडला की तेल सिलिंडरमध्ये उतरते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या थंड सकाळी तेल घट्ट होऊन मोटर जड फिरते, ही आणखी एक अडचण. आवाजाचा फरक तर याहून मोठा आहे. तेलाची थेट जोडणीची छोटी यंत्रे बहुधा ८५ डेसिबलच्या पुढे जातात, तर कमी आवाजाची बिनतेलाची यंत्रे ६० ते ७० च्या घरात राहतात, आणि दर दहा डेसिबलला आवाज कानाला जवळजवळ दुप्पट वाटतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल ठेवलेली आहे. कोथरूड-बाणेरच्या सोसायट्यांमध्ये काम करायचे असेल तर शेजारी तक्रार घेऊन खाली उतरणार नाहीत असे यंत्र घेणे हा कामाचाच भाग आहे. वरच्या घरात आजारी माणूस किंवा तान्हे मूल असू शकते.

विजेकडे दुर्लक्ष करू नये. मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह घेते. जुन्या वाड्यांतली बारीक वायरिंग किंवा नव्या इमारतीतले तात्पुरते कनेक्शन हा धक्का पेलत नाही, आणि व्होल्टेज उतरले की मोटर नुसती गुणगुणत राहते, तापते आणि शेवटी कपॅसिटर किंवा वाइंडिंग जळते. एक हॉर्सपॉवरच्या आसपासचे यंत्र घेतले तरी ते शक्यतो १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटवर चालवावे. विजेची एक्स्टेन्शन वायर लांबवण्याऐवजी हवेचा पाइप लांबवावा, हा नियम कायम लक्षात ठेवावा. वायर लांबवावीच लागली तर ती २.५ चौरस मिलिमीटरची असावी आणि गुंडाळी पूर्ण उलगडलेली असावी.

वजन दुकानातच उचलून पाहावे. वीस-बावीस किलोचे यंत्र एका हाताने दोन मजले चढवता येते. त्यापुढे दोन माणसे लागतात. हँडल तोल साधणाऱ्या जागी आहे का, पायांना रबर आहे का, एवढे पाहिले की पुरे.

पाइप आणि रेग्युलेटर यांना मात्र वेळ द्यावा. आठ मिलिमीटरचा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) पाइप हलका असतो आणि वाकवला तरी मोडत नाही. कडक पीव्हीसी पाइप हवेच्या दाबासाठी वापरू नये, कारण तो फुटला की त्याचे तुकडे उडतात. पाइपाचे कपलिंग आणि गनचा निपल एकाच प्रकारचे आहेत याची खात्री करावी, नाहीतर कामाच्या जागी हवा फुसफुसत राहते. गनकडे जाणारा दाब बदलता येईल असा रेग्युलेटर आणि टाकीचा व गनचा असे दोन वेगळे मीटर हवेतच. नवीन पट्टी सुरू करताना त्याच लाकडाच्या तुकड्यावर ५ बारला एक पिन मारून पाहावी. पिनेचे डोके वर राहिले तर अर्ध्या बारने वाढवावे. डोके खोल जाऊन सागाच्या लिपिंगला चीर पडली तर अर्ध्या बारने उतरवावे. डोके पृष्ठभागाखाली मिलिमीटरभर गेले की पुट्टी बरोबर बसते. पिन अडकली तर गनला हात लावण्याआधी पाइप काढावा, आणि चष्मा डोळ्यांवर असावाच.

पावसाळ्यात टाकीत रोज पाणी साठते, म्हणून काम संपल्यावर थोडा दाब असतानाच खालचा कॉक उघडून ते बाहेर काढावे. ते आत राहिले तर टाकी आतून गंजते आणि पाणी गनमध्येही जाते. कॉम्प्रेसर करवतीपासून लांब, शक्यतो बाल्कनीच्या सावलीत ठेवावा, कारण एमडीएफची भुकटी हवेच्या फिल्टरमध्ये बसली की पुरवठा घटतो आणि एप्रिल-मेच्या उन्हात मोटर लवकर तापून बंद पडते.

खरेदी करताना जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि पिस्टन रिंग, कपॅसिटर, प्रेशर स्विच यांचे सुटे भाग पुण्यात मिळतात का ते विचारावे. जुने यंत्र घ्यायचे असेल तर वरच्या सगळ्या चाचण्या कराव्यात आणि आधी ड्रेन कॉक उघडावा. त्यातून तांबूस, गंजाचे कण असलेले पाणी आले तर किंमत कितीही कमी असली तरी ती टाकी घेऊ नये.