फिल्म आणि डेव्हलपरची जोडी जमवताना या चुका टाळा

रोल धुतला, टँक उघडला, निगेटिव्ह उजेडाला धरली आणि ती फिकट निघाली की लगेच निकाल लागतो: ‘ही फिल्म या डेव्हलपरला चालत नाही.’ एचपी5 प्लस असो, ट्राय-एक्स असो की फोमापॅन, कुठलीही फिल्म बाजारातल्या जवळपास कुठल्याही काळ्या-पांढऱ्या डेव्हलपरमध्ये, म्हणजे प्रतिमा उमटवणाऱ्या रसायनात, धुता येते. बिघडतं ते पाण्याच्या तापमानात, एक्सपोजरमध्ये किंवा बाटलीत मरून पडलेल्या डेव्हलपरमुळे. जोडी निवडताना नाव आणि कीर्ती शेवटी बघा. आधी पाणी किती अंशावर आहे, उजेड कसा आहे आणि सावलीत काय दिसायला हवंय, हे बघा.

20 अंशांचा तक्ता, 30 अंशांचं पाणी

कोल्हापुरात सगळ्यात जास्त रोल या एका चुकीने वाया जातात. डब्यावर आणि तक्त्यात छापलेले वेळ 20 अंश सेल्सिअसचे असतात. एप्रिल-मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सहज 30 अंशांच्या पुढे जातं. एक अंश वाढला की वेळ साधारण 8 टक्क्यांनी कमी करावा लागतो. आता हिशोब करा. एचपी5 प्लस 400 ला (400 हा फिल्मचा वेग, म्हणजे ती उजेडाला किती लवकर दाद देते ते) आयडी-11 या डेव्हलपरच्या स्टॉकमध्ये, म्हणजे आणखी पाणी न घातलेल्या मूळ द्रावणात, 20 अंशांना साडेसात मिनिटं. 28 अंशांना तीच चार मिनिटांच्याही खाली येतात. पाच मिनिटांपेक्षा कमी वेळात डेव्हलपर सगळीकडे सारखा लागत नाही. आकाशात पट्टे येतात, कडेच्या भोकांजवळ गडद ओघळ दिसतात. एचसी-110 या दुसऱ्या डेव्हलपरच्या डायल्यूशन बी (पातळ करण्याचं एक ठरलेलं प्रमाण) मध्ये तर या फिल्मचा मूळ वेळच पाच मिनिटं आहे, म्हणजे उन्हाळ्यात ती जोडी इथे निभत नाही.

म्हणून उन्हाळ्यात पातळ डेव्हलपर घ्या आणि 24 अंशांवर काम करा. एचपी5 प्लसला आयडी-11 1+1 मध्ये (एक भाग स्टॉक, एक भाग पाणी) 20 अंशांना 13 मिनिटं लागतात, 24 अंशांना सुमारे सव्वानऊ. एफपी4 प्लसला 1+1 मध्ये 11 मिनिटं, 24 अंशांना सुमारे आठ. या वेळात हात निवांत चालतो आणि दहा-वीस सेकंद इकडेतिकडे झाले तरी नुकसान होत नाही.

24 अंश गाठायला बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नका, पातळ होतो. 1+1 मध्ये अर्धा भाग पाणीच असतं, तेच फ्रिजमध्ये गार करून घ्या. 30 अंशांचा 150 मिली स्टॉक आणि 18 अंशांचं 150 मिली पाणी, मिळून 24 अंशांचं 300 मिली. पॅटरसनच्या टँकला 35 एमएमच्या एका रोलसाठी 290 मिली लागतं, 120 च्या रुंद रोलसाठी 500 मिली. मग धुण्याच्या टबात 24 अंशांचं पाणी घ्या, त्यात गोठवलेली पाण्याची बाटली अधूनमधून बुडवा आणि डेव्हलपर, स्टॉप (डेव्हलपिंग थांबवणारं द्रावण), फिक्सर (प्रतिमा कायम करणारं द्रावण), धुण्याचं पाणी अशा चारही बाटल्या त्याच टबात ठेवा. डेव्हलपर 24 वर आणि फिक्सर 32 वर असं झालं तर जिलेटिनचा थर ताणला जातो आणि दाणा खरखरीत होतो. सगळ्या बाटल्या एकमेकींपासून दोन अंशांच्या आत असल्या की पुरे.

टी-मॅक्स आणि डेल्टा या चपट्या दाण्याच्या फिल्म वेळ-तापमानाच्या चुकीला लवकर दाद देतात. थर्मामीटर अजून हाताला बसला नसेल तर वर्षभर एचपी5, ट्राय-एक्स किंवा एफपी4 वरच राहा.

रॉडिनल सगळ्यालाच

रॉडिनल हे डेव्हलपर 1891 पासून आहे. बाटली काळीभोर झाली तरी काम करतं, थोडक्यात भागतं. या गुणांमुळे लोक ते 400 च्या फिल्मला लावतात, वर 1600 ला पुशही करतात (फिल्मचा वेग जास्त धरून कमी एक्सपोजर देतात आणि जास्त वेळ धुतात), आणि मग दाणा ज्वारीएवढा आला म्हणून फिल्मला दोष देतात.

कारण रसायनात आहे. डी-76 या डेव्हलपरच्या एक लिटर स्टॉकमध्ये मेटॉल 2 ग्रॅम, हायड्रोक्विनोन 5 ग्रॅम, बोरॅक्स 2 ग्रॅम आणि सोडियम सल्फाइट तब्बल 100 ग्रॅम असतं. एवढं सल्फाइट चांदीच्या दाण्याच्या कडा थोड्या विरघळवतं, म्हणून दाणा मऊ दिसतो. पातळ केलेल्या रॉडिनलमध्ये सल्फाइट नगण्य, म्हणून कडा धारदार राहतात. एफपी4, पॅन एफ, फोमापॅन 100 अशा संथ फिल्मवर ही धार फार सुंदर दिसते. घाटावरच्या दगडी पायऱ्या आणि दीपमाळेचा पोत टिपायला एफपी4 आणि रॉडिनल 1+50, 20 अंशांना 15 मिनिटं, ही जोडी जरूर वापरा. 400 च्या फिल्मवर मात्र रॉडिनलमध्ये फिल्मचा वेग थोडा घटतो आणि सावलीतला तपशील आधी जातो. पुश करताना आपल्याला नेमका तोच तपशील हवा असतो.

1+100 ला तासभर न हलवता ठेवायची पद्धतही इथल्या उन्हाळ्यात जपून. गरम पाण्यात तासाभरात फॉग (सगळ्या फिल्मवर करडी झाक) चढतो, आणि डेव्हलपर स्थिर राहिल्याने भोकांपासून फिकट-गडद ओघळ उतरतात.

तालमीतला उजेड आणि पुशची गैरसमजूत

तालमीत एखादीच खिडकी, खाली लाल माती, अंगाला तीच माती लागलेले पैलवान. मीटर बहुधा असं काही सांगतो: 400 ला एफ/2, 1/125 सेकंद. डाव टाकतानाचा हात 1/125 ला हलतो. 1/500 हवा असेल तर 1600 ला मोजावं लागतं. इथे पुश करणं रास्त आहे, पण पुश म्हणजे काय ते नीट समजून घ्या. डेव्हलपिंगचा वेळ वाढवला की मधले टोन आणि हायलाइट वर येतात. जिथे उजेड पोचलाच नाही, तिथे वाढवायला काहीच नसतं. लंगोटाच्या घड्या, केस, कोपऱ्यातले गदा-डंबेल काळेच राहणार. ते मान्य असेल तरच 1600 लावा.

अशा वेळी डेव्हलपर वेग राखणारा हवा: मायक्रोफेन किंवा डीडी-एक्स. एचपी5 ला 1600 ला डीडी-एक्स 1+4 मध्ये 20 अंशांना 13 मिनिटं, आयडी-11 स्टॉकमध्ये 14. परसेप्टॉलसारखा बारीक दाण्याचा डेव्हलपर इथे घेऊ नका. तो दाणा लपवतो, पण वेग खातो. डेल्टा 3200 घेत असाल तर लक्षात ठेवा की डब्यावर 3200 असलं तरी तिचा खरा वेग 1000 च्या आसपास आहे. जमेल तिथे 1600 ला वापरा, सावल्या भरीव येतात.

उलटी चूक खिद्रापूरला होते. कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपात 48 खांब आहेत आणि वर गोल उघडं छत. ऊन थेट मधल्या शिळेवर पडतं, भोवतीचे खांब सावलीत. तिथे लोक ‘आत अंधार आहे’ म्हणून पुश करतात आणि मधली शिळा निगेटिव्हवर कोळशासारखी गच्च होते. प्रिंटमध्ये ती कोरी पांढरी. इथे अंधार नाही, इथे फरक जास्त आहे. जवळ जाऊन ज्या नक्षीचा तपशील हवा त्या सावलीतल्या खांबाचं रीडिंग घ्या, त्यापेक्षा दोन स्टॉप (म्हणजे दोनदा निम्मं) कमी एक्सपोजर द्या. फिल्म एचपी5, मीटर 200 वर. धुताना वेळ 15 ते 20 टक्के कमी करा: 1+1 मध्ये 13 ऐवजी साधारण 11 मिनिटं. हा कमी केलेला वेळ पूर्ण रोलला लागतो, त्यामुळे त्या रोलवर दुसरीकडचे ढगाळ फोटो काढू नका.

रंकाळ्यावर मे महिन्याच्या दुपारी 400 ची फिल्म घालून जाणं हीसुद्धा चुकीची निवड. लख्ख उन्हात 400 ला एफ/16 आणि 1/500 पर्यंत जावं लागतं, आणि जुन्या कितीतरी कॅमेऱ्यांचा शटर तिथेच संपतो. एफपी4 किंवा 100 ची कुठलीही फिल्म न्या.

कोरी निगेटिव्ह निघाली तर आधी कडा बघा

फिल्मच्या कडेला कंपनीने छापलेली अक्षरं आणि फ्रेमचे आकडे असतात. ती कारखान्यातच उजेडाने उमटवलेली असतात, त्यामुळे ती दिसायला डेव्हलपर जिवंत लागतो. हे निदान कुठल्याही तक्त्यापेक्षा उपयोगी आहे.

अक्षरं ठळक, फ्रेम कोऱ्या: डेव्हलपर ठीक आहे. फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकली नाही किंवा शटर उघडला नाही.
अक्षरं ठळक, फ्रेम फिकट: एक्सपोजर कमी पडलं.
अक्षरंही फिकट, फ्रेमही फिकट: डेव्हलपिंग कमी. वेळ, तापमान किंवा डेव्हलपरचं प्रमाण तपासा.
अक्षरंच नाहीत: डेव्हलपर मेला होता, किंवा आधी फिक्सर ओतला गेला.

रोल सी-41 च्या (रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या प्रक्रियेच्या) मशीनमधून गेला तरी तो असाच स्वच्छ, कोरा निघतो. तिथलं ब्लीच आणि फिक्सर मिळून सगळी चांदी धुऊन नेतात. स्टुडिओत रोल देताना ‘ब्लॅक अँड व्हाइट’ एवढंच सांगू नका, ‘सी-41 मध्ये टाकू नका’ असं पाकिटावर लिहा. याला अपवाद इल्फर्ड एक्सपी2 सुपर. ती काळी-पांढरी असूनही सी-41 साठीच बनवलेली आहे.

डी-76 खराब होताना तपकिरी पडतो, निदान सूचना तरी देतो. एक्सटॉल रंग न बदलता मरतो. म्हणून रोल टाकण्याआधी फिल्मच्या जिभेचा (सुरुवातीच्या मोकळ्या टोकाचा) दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा दिवसाउजेडी तयार डेव्हलपरमध्ये टाका. दोन-तीन मिनिटांत तो काळाकुट्ट व्हायला हवा. नुसता राखाडी झाला तर ती बाटली ओतून द्या. डी-76 चा स्टॉक काठोकाठ भरलेल्या बाटलीत सहा महिने टिकतो, अर्ध्या बाटलीत दोनच. एक लिटर बनवला की 250 मिलीच्या चार बाटल्यांत भरा. आणि पावडरचं पाकीट अर्धं-अर्धं वापरू नका. आतली रसायनं सारखी मिसळलेली नसतात, अर्ध्यात मेटॉल किती आलं ते कळत नाही.

प्रमाणाची एक चूक फार लपून राहते. आयडी-11 1+3 ला 300 मिलीत जेमतेम 75 मिली स्टॉक येतो, रॉडिनल 1+100 ला फक्त 3 मिली. 36 फ्रेमच्या रोलला एवढं पुरत नाही, निगेटिव्ह मऊ आणि निस्तेज निघते. एक्सटॉलला दर रोलमागे निदान 100 मिली स्टॉक धरा, रॉडिनलला निदान 5 मिली. त्यासाठी दोन रिळांचा टँक घ्या, एकात रोल, दुसरं रिकामं, आणि टँक पूर्ण भरा.

बोअरचं पाणी, पावसाळा आणि फिक्सर

बोअरच्या जड पाण्यात डेव्हलपर बनवला तर तळाशी पांढरा गाळ बसतो आणि वाळलेल्या निगेटिव्हवर गोल डाग राहतात. स्टॉक बनवायला आणि शेवटच्या पाण्याला बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर वापरा. मधलं धुणं नळाच्या पाण्याने चालतं.

जुलैमध्ये चेंजिंग बॅगेत हाताला घाम येतो आणि प्लॅस्टिकच्या रिळावर फिल्म निम्म्यात अडकते. जोर लावला की चंद्रकोरीसारखे काळे वण उमटतात. रीळ आधी ड्रायरने कडकडीत वाळवा, जिभेचे कोपरे कात्रीने गोल करा. फिल्म अडकलीच तर ती टँकमध्ये टाकून झाकण लावा, हात बाहेर काढा, पुसा, दहा मिनिटांनी पुन्हा बसा. पॅन एफ वापरत असाल तर पावसाळा संपायची वाट बघत रोल ठेवू नका, तिच्यावरची न धुतलेली प्रतिमा विरत जाते. तीन महिन्यांच्या आत धुवा.

टी-मॅक्स किंवा डेल्टा धुतल्यावर जांभळी-गुलाबी छटा राहिली तर डेव्हलपरला दोष देऊ नका, फिक्सिंग कमी पडलंय. ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा तीन-चार मिनिटं ठेवा, नंतर पूर्ण धुवा. फिक्सरची परीक्षा सोपी: न धुतलेल्या फिल्मचा तुकडा टाका, तो पारदर्शक व्हायला लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट फिक्सिंग. ताज्या फिक्सरला लागला त्याच्या दुप्पट वेळ फक्त पारदर्शक व्हायलाच लागू लागला की फिक्सर संपला. तो गटारात, रंकाळ्यात किंवा पंचगंगेत जाता कामा नये, त्यात चांदी असते आणि ती पाण्यातल्या जिवांना घातक आहे. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये साठवा, त्यात स्टीलवूल टाकून काही दिवस ठेवा. चांदी काळ्या गाळासारखी तळाशी बसते, तो गाळ वेगळा काढून ठेवा.