दुसऱ्याच्या होडीतून गरवायला जाताय? मग हे आधी वाचा

गरी, दोरा आणि थोडी कोळंबी घेतली की निघालो गरवायला, म्हणजे गरीने मासे पकडायला, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण होडी दुसऱ्याची असेल तर अजून बरंच काही सांभाळायला लागतं. मी मालवणजवळ देवबागला मित्राच्या काकांच्या होडीतून जातो, छोटी उलांडीची होडी (तोल राहावा म्हणून बाजूला लाकूड बांधलेली), मागे मशीन, चार माणसं बसली की भरली. तिथे जे शिकलो ते सांगतो.

पहिलं म्हणजे वेळ. काकांनी पहाटे साडेपाच सांगितलं तर साडेपाचला होडीपाशी उभं राहायचं, तेव्हा घरातून निघायचं नाही. कर्ली खाडीच्या मुखाशी वाळूचे पट्टे आहेत आणि ओहोटी जास्त लागली की बाहेर पडताना मशीनचा पंखा वाळूला लागतो. एकदा आमच्यातला एकजण चाळीस मिनिटं उशिरा आला, काका रागावले नाहीत, "पाणी कोणासाठी रवत नाय" (थांबत नाही) एवढंच म्हणाले आणि त्या दिवशी खाडीतच गरवून परत आलो. जुना हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण होते. म्हणजे अष्टमीला सहाच्या आसपास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास, गावागावात थोडा फरक पडतो. हे माहीत असलं की काका अशी अवघड वेळ का देतात ते आपोआप कळतं. आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा "एकदा न्या ना" असा आग्रह कुणालाच करू नका.

चपला काठावर काढून मगच होडीत चढा. काका निघताना अगरबत्ती लावतात तेव्हा मोबाईल खिशात ठेवा आणि गप्प उभे राहा. "आज किती मिळेल?" हे तर विचारूच नका.

आत आल्यावर जिथे बसवलं तिथेच बसायचं. कुणाच्या गरीला मासा लागला की सगळे बघायला एका बाजूला धावतात आणि छोटी होडी लगेच कलते, तेव्हा उठायच्या आधी विचारा. लाईफ जॅकेट दिलं तर घाला, उकडतंय म्हणून काढून ठेवू नका. गरी फेकताना डोक्यावरून गरगर फिरवू नका, मागच्या माणसाच्या कानात घुसते. मशीन चालू करायच्या आधी सगळ्यांनी दोरे आत घ्यायचे, नाहीतर पंख्यात अडकतात आणि मग भर लाटांत ते सोडवत बसायला लागतं. तुटलेला नायलॉन पाण्यात टाकू नका, खिशात ठेवा. दारू अजिबात नको, आणि पेट्रोलच्या कॅनजवळ सिगारेट तर नकोच नको.

मासा लागला की आनंदात हात घालू नका. शिंगाळ्याला पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन असे तीन काटे असतात, पाकटाच्या शेपटीला विषारी काटा असतो, त्यामुळे गरी काढायचं काम काकांना करू द्या. काटा लागलाच तर लपवू नका, लगेच सांगा, सोसेल तितक्या गरम पाण्यात हात धरला की कळ कमी होते आणि मग डॉक्टरकडे जायचंच. मळमळायला लागलं तरी लवकर सांगा, होडीच्या मधे बसून लांब क्षितिजाकडे बघा, आणि उलटी आलीच तर वारा पाठीवर घेऊन बाहेर.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. काका ज्या खडपावर (पाण्याखालच्या खडकावर) नेतात ती जागा त्यांनी डोंगराचं टोक आणि किनाऱ्यावरचं देऊळ एका रेषेत धरून लक्षात ठेवलीये, त्यांच्या वडिलांनी दाखवलेली आहे आणि त्यावर घर चालतं. तुम्ही तिथे मोबाईलमधे लोकेशन सेव्ह केलंत किंवा मागचा डोंगर दिसेल असा फोटो ग्रुपवर टाकलात तर पुढच्या रविवारी तिथे पाच होड्या उभ्या असतात. फोटो काढायचा तर विचारून, माशाचा काढा, किनारा दिसू देऊ नका. आणि ओळख झाली म्हणून दुसऱ्याच कुणाला पैसे देऊन त्याच खडपावर न्यायला सांगणं, हे तर मला विश्वासघातच वाटतो.

पैशांचं निघायच्या आधी बोलून घ्या. काका नको म्हणतात, मग आम्ही पेट्रोल भरतो आणि पुढच्या वेळी येताना चांगल्या गऱ्यांचं पाकीट आणतो. मासळीचा वाटा होडीवाला करतो, मोठी तांबोशी तुमच्या गरीला लागली असली तरी ती कुणाकडे जाणार हे तेच ठरवतात, देतील ते आनंदाने घ्या. हाताएवढं लहान पिल्लू लागलं तर जिवंत असतानाच सोडून द्या.

परत आल्यावर पिशवी उचलून गाडीकडे पळू नका. होडी वर ओढायला हात लावा, बादलीने खवलं आणि रक्त धुवा, वाळायच्या आत, नंतर ते निघता निघत नाही. आम्ही धुऊन झाल्यावर काकींच्या हातचा चहा घेतो आणि मगच निघतो.