दुसऱ्या गाडीचे शॉकअप माझ्या गाडीला

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरींचे गठ्ठे मी माझ्या जुन्या १०० सीसी गाडीवरच आणतो. मागचे दोन्ही शॉकअप (धक्के झेलणारे स्प्रिंगचे दांडे) गळून बसले होते, खड्ड्यात टायर मडगार्डला घासायचा. त्याच मापाचे नवे मिळेनात, म्हणून १५० सीसी गाडीची चांगली जोडी घेतली.

आधी लांबी मोजली, वरच्या डोळ्याच्या (बोल्ट जातो त्या कडीच्या) मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंत. नवी जोडी १० मिमी लांब निघाली. एवढं चालतं, त्याहून लांब नकोच, मागचा भाग उचलला की हँडल चंचल होतं आणि साइड स्टँडवर गाडी जास्त कलते.

खरी अडचण भोकाची. माझ्या गाडीचा बोल्ट १० मिमीचा, नव्या शॉकअपच्या बुशचं (डोळ्यात बसवलेल्या रबरी नळीचं) भोक १२ चं. काहीजण पत्रा गुंडाळून भागवतात. ते मला अजिबात पटत नाही, ढिलाई वाढत जाते आणि बोल्ट झिजतो. लेथवाल्या काकांकडून बाहेर १२, आत १० अशा लोखंडी स्लीव्ह (पोकळ नळ्या) करून घेतल्या. ग्रीस लावून अंगठ्याने दाबली की आत जावी, पण खुळखुळू नये, असं बेताचं माप.

गाडी मेन स्टँडवर घेऊन एका वेळी एकच बाजू सोडली, म्हणजे चाक लोंबत नाही. नट शेवटचे आवळले ते गाडीवर माणूस बसवून, नाहीतर रबर बुश कायम पिळलेलं राहतं. चेनची ढिलाईही वजन टाकूनच पाहिली. कारण पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंग आर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्हट म्हणजे बिजागरी आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताणते.

गठ्ठे लादून होटगी रोडला फिरवून आणली. घासणं बंद झालं.