घरच्या कोंबड्यांचं सामान पावसाळ्यात कसं ठेवायचं

सगळ्यात आधी खाद्य, कारण पावसात वाट लागते ती त्याचीच. एक अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण १००-१२० ग्रॅम खाते, म्हणजे १० कोंबड्यांना महिन्याला ३०-३६ किलो झालं, तेवढंच आणा, स्वस्त मिळतंय म्हणून चार पोती भरून ठेवू नका. पोतं जमिनीवर नको, भिंतीला टेकवूनही नको, खाली लाकडी फळी किंवा विटा टाका, आणि फोडलं की लगेच घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ओता, प्लॅस्टिकचा डबा उंदीर कुरतडतात. जुनं संपल्याशिवाय वर नवीन ओतायचं नाही. बुरशीचा वास आला, गोळे झाले तर सरळ फेकून द्या, वाळवून घालू नका, उन्हाने अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, जात नाही, माझी दोन पिल्लं गेलीत हो त्यात, अजून वाईट वाटतं.

खुराड्यात अंथरायचं भाताचं तूस मे महिन्यातच कोरडं भरून ठेवा, जूननंतर मिळतं ते ओलंच. शिंपल्याचा चुरा वेगळ्या बरणीत. चुना आणि जंतुनाशक खाद्यापासून लांब, पोरांचा हात पोचणार नाही असं. राणीखेत रोगावरची लासोटा लस मात्र फ्रिजमध्येच, २ ते ८ अंशांत, दारातल्या कप्प्यात नको.