जुना पलंग, कपाट, ड्रॉवर रंगवायचे असतील तर

बेडरूममधलं जुनं लाकडी फर्निचर रंगवायचं म्हटलं की आधी सगळे शेड कार्ड घेऊन बसतात. पण शेड कुठलीही घ्या, रंग टिकणार की सोलणार हे डबा उघडायच्या आधीच ठरलेलं असतं. गुळगुळीत पॉलिशवर डायरेक्ट रंग मारला तर त्याला धरायला काही मिळतच नाही, मग तो नखानेसुद्धा निघतो.

आधी हँडल, बिजागऱ्या, कुलपं सगळं काढा आणि कुठल्या खणाचे कुठले स्क्रू ते पिशवीवर लिहून ठेवा. बिजागरीवरूनच ब्रश फिरवू नका प्लीज, दार उघडझाप होऊन तिथला रंग उडतोच. मग कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, नंतर साध्या पाण्याने पुसून नीट वाळू द्या. पलंगाची डोक्याकडची फळी आणि हँडलभोवतीची जागा दोनदा पुसा, तिथे केसांचं तेल आणि हाताचा चिकटपणा वर्षानुवर्षं बसलेला असतो आणि रंग नेमका तिथेच सुटतो. जुनं वॅक्स असेल तर टर्पेंटाइनने काढा, खिडक्या उघड्या ठेवून.

आता घासणं. पॉलिश खरवडून पूर्ण लाकूड उघडं पाडायची गरज नाही, फक्त चमक घालवायची. 120 नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, 180 किंवा 220 वर शेवट, आणि हात कायम लाकडाच्या रेषांच्या दिशेने. व्हिनियर (वरून चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ थर) असेल तर थेट 220 घ्या आणि हलक्या हाताने, कारण तो थर इतका पातळ असतो की कडेला जरा जोर लागला तरी खालचं लाकूड दिसतं. वस्तू फार जुनी आणि आधीच रंगवलेली असेल तर मात्र थांबा, जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांना खूप घातक असते, तपासून घेतल्याशिवाय घासूच नका. भेगा आणि जुनी भोकं लांबीने (वुड पुट्टीने) भरा, वाळली की परत घासा, धूळ ओल्या फडक्याने टिपा.

प्रायमर, म्हणजे रंगाच्या आधीचा थर, वाचवायचा विचार करू नका, विशेषतः वर पांढरा किंवा फिका रंग येणार असेल तर. गडद लालसर लाकडात टॅनिन नावाचा नैसर्गिक घटक असतो, तो वॉटर बेस (पाण्यात मिसळणाऱ्या) रंगात विरघळून वर येतो आणि पिवळट तपकिरी डाग पडतात, गाठींवर तर हमखास. कितीही हात मारा, डाग पुन्हा वर येतात. त्याला शेलॅकचा (लाखेचा) प्रायमर हा खात्रीचा उपाय.

रंगासाठी मला वॉटर बेस एनॅमल आवडतं, वास कमी येतो आणि ऑइल पेंटसारखा पांढरा पिवळा पडत नाही, झोपायच्या खोलीत दोन्हींचा फरक पडतो. सपाट भागाला फोमचा छोटा रोलर, नक्षीला आणि कोपऱ्यांना ब्रश. ड्रॉवर बाहेर काढून दर्शनी बाजू वर करून आडवे ठेवा म्हणजे रंग ओघळत नाही. एक जाड हात मारण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात मारा, मध्ये डब्यावर लिहिलाय तितका वेळ द्या आणि 320 च्या पॉलिश पेपरने हलकं घासा. प्रत्येक हातानंतर लगेच बाजूने उजेड पाडून बघा, ओघळ ओला असतानाच ब्रशने ओढता येतो, वाळल्यावर घासत बसावं लागतं.

काही तासांत रंग हाताला कोरडा लागतो, पण आतून पूर्ण कडक व्हायला 2 ते 4 आठवडे जातात, त्यामुळे तोवर वर लॅम्प, फुलदाणी काही ठेवू नका, बूड चिकटतं आणि उचलताना रंग घेऊन येतं. आणि ड्रॉवरच्या ज्या बाजू आत सरकतात त्या रंगवू नका, जेमतेम फट असते, रंगाच्या थराने ड्रॉवर अडकतो. तिथे नुसती मेणबत्ती घासा, मस्त सरकतो.